मांजराच्या केसांची मिशी: एका 'मेलेल्या' खेळप्रकाराचा इतिहास

'पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर गेम १९९० च्या दशकाच्या शेवटी मेले.' संगणकीय खेळांच्या इतिहासावरचा कुठलाही लोकप्रिय लेख किंवा व्हिडिओ उघडा, हे वाक्य थोड्याफार फरकाने भेटतंच. मला त्यातलं 'मेले' हे क्रियापद खटकतं. कोण मेलं, कुठे, आणि मृत्यूचा दाखला कोणी दिला? पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना तुम्ही साहित्याचा आढावा लिहाल तेव्हा तुमच्या विषयातही असं एखादं वाक्य भेटेल, जे सगळे वापरतात आणि कोणी तपासत नाही. माझा विषय खेळांमधल्या कोड्यांची रचना हा आहे, म्हणून आज माझ्या विषयातलंच वाक्य तपासून दाखवते.

हे खेळ कधीच पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एक जागा दिसते: खोली, गल्ली, बंदर. माउसने क्लिक केलं की तुमचं पात्र तिथे चालत जातं, वस्तू उचलतं, माणसांशी बोलतं. उचललेल्या वस्तू एका झोळीत जमतात. त्या योग्य जागी वापरल्या, एकमेकींना जोडल्या की अडलेली गोष्ट पुढे सरकते. घाई नाही, नेमबाजी नाही. डोकं चालवायचं, बस.

आता त्या मृत्यूच्या दाखल्याकडे येऊ. १९९९ साली सिएरा कंपनीचा 'गॅब्रिएल नाइट ३' आला. त्यात नायकाला फ्रान्समधल्या एका गावात मोटरसायकल भाड्याने हवी असते आणि ती त्याचा मित्र मोझली याच्या नावावर ठेवलेली असते. म्हणून मोझलीचं सोंग घ्यायचं. कसं? एका भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजराला त्यातून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस काढायचे आणि पाकाने ओठावर चिकटवून मिशी करायची. पण मोझलीला तर मिशीच नाही! मग त्याचा पासपोर्ट पळवून फोटोवर पेनाने मिशी काढायची. म्हणजे ज्याच्यासारखं दिसायचं त्याला नसलेली मिशी आधी स्वतःला लावायची आणि मग त्यालाही लावायची. २००० साली 'ओल्ड मॅन मरे' या विनोदी संकेतस्थळावर एरिक वोलपॉ यांनी या कोड्याचा पायरी-पायरीने पंचनामा केला. त्यांचा निष्कर्ष असा की अ‍ॅडव्हेंचर गेमचा कोणी खून केला नाही, त्यांनी आत्महत्या केली. (हेच वोलपॉ पुढे 'पोर्टल' या गाजलेल्या खेळाच्या लेखकांपैकी एक झाले.) तो लेख इतका गाजला की मिशीचं कोडं हाच पुरावा ठरला: रचना सडली होती, म्हणून प्रकार मेला.

पण हे स्पष्टीकरण कालक्रमात बसत नाही. कारण या आजाराचं औषध दहा वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं.

१९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्समध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी 'मॅनियाक मॅन्शन' केला. त्याआधीच्या बहुतेक अ‍ॅडव्हेंचर खेळांत आज्ञा टंकायला लागायच्या, आणि खेळाडूचा निम्मा वेळ संगणकाला कोणता शब्द कळतो हे ओळखण्यात जायचा. यात पडद्याच्या खालच्या भागात पंधरा क्रियापदंच लिहून ठेवली होती. 'उघड'वर क्लिक करा, दारावर क्लिक करा, झालं. (हा पहिला पॉइंट-अँड-क्लिक खेळ, असं बरेच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलेल्या 'देजा व्हू' मध्येही माउस, क्रियापदांची बटणं आणि वस्तू ओढून ठेवायची सोय होती. 'पहिला' हा शब्द प्रबंधात लिहिण्याआधी दोनदा पाणी प्या.)

१९८९ मध्ये गिल्बर्ट यांनी एका छोट्या व्यावसायिक नियतकालिकात निबंध लिहिला. शीर्षकाचा भावार्थ, अ‍ॅडव्हेंचर गेम इतके भिकार का असतात. तेव्हा ते 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड' च्या मागे होते, तो १९९० मध्ये आला. निबंधातले बरेच मुद्दे आज साधे वाटतात. अंतिम ध्येय खेळाडूला स्पष्ट कळलं पाहिजे. मरून मरून शिकायला लावू नका. कोडं सुटलं की गोष्ट पुढे सरकली पाहिजे. पण एक मुद्दा मला आजही फार मोलाचा वाटतो: उलटं कोडं टाळा. खेळाडूला दोर आधी सापडला आणि दरी नंतर दिसली, तर त्याने दोर का उचलला? उचलता येत होता म्हणून. त्यात विचार कुठेच नाही. दरी आधी दिसली पाहिजे. 'इथून उतरायला काहीतरी हवं' हा प्रश्न डोक्यात आधी बसला पाहिजे. मग दोर दिसला की तो नुसता दोर राहत नाही.

हा निबंध कोणाविरुद्ध होता हे कळायला त्या काळातल्या सिएराच्या खेळांकडे बघा. १९८४ च्या पहिल्या 'किंग्ज क्वेस्ट' मध्ये एका बुटक्या माणसाचं नाव ओळखायचं असतं. परीकथा माहीत असणाऱ्याला नाव सुचतं, रम्पेलस्टिल्टस्किन. उलटा विचार कर असा इशाराही खेळात मिळतो. म्हणून नाव उलटं टंकलं, तर चूक! नाव नाही, वर्णमाला उलटायची होती: ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय. १९९० च्या पाचव्या भागात त्याहून क्रूर प्रकार आहे. मांजर एका उंदराचा पाठलाग करतं, तेव्हा तुम्ही काही सेकंदांत जुना बूट फेकून उंदराला वाचवायचं. नाही वाचवला तर खेळ काहीच बोलत नाही. बऱ्याच वेळाने तुम्हाला बांधून तळघरात टाकतात आणि दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही. खेळ संपलेला असतो, पण संपला कधी ते तुम्हाला कळत नाही. याला मी बंद बोळ म्हणते.

मग १९८९ मध्ये उपाय लिहिलेला असताना १९९९ मध्ये मिशी कशी उगवली? ज्ञान नव्हतं असं म्हणता येत नाही. 'मंकी आयलंड' चांगला चालला होता, निबंध व्यवसायातल्यांसाठीच छापला होता. माझं मत असं की रचनेचं ज्ञान त्या खोल्यांमध्येच राहिलं जिथे ते घडलं. लुकासफिल्ममध्ये कोड्यांच्या अवलंबनाचे तक्ते काढायची पद्धत होती. पण गिल्बर्ट यांनी स्वतः त्या तक्त्यांवर सविस्तर लिहिलं ते २०१४ मध्ये, आपल्या ब्लॉगवर. टिम शेफर यांचा 'ग्रिम फँडँगो' च्या कोड्यांचा आराखडा १९९६ चा, तो लोकांसमोर आला २००८ मध्ये. इथे एक सावधगिरी: आराखडा हा त्या काळचा कागद आहे, ब्लॉग ही पंचवीसेक वर्षांनंतरची आठवण. दोन्ही पुरावे वापरायचे, पण एकाच तराजूत नाही तोलायचे.

हा तक्ता नेमका काय असतो ते एका उदाहरणाने दाखवते, कारण नुसतं वर्णन करून समजत नाही. समजा तुम्ही पुण्यातल्या एका जुन्या वाड्यावर छोटा खेळ करताय. शेवट असा: माळ्यावरच्या ट्रंकेतलं जुनं खरेदीखत नायिका वाचते. आता सुरुवातीपासून पुढे लिहायचं नाही. शेवटापासून मागे यायचं. खत वाचायला काय लागेल? उघडी ट्रंक आणि उजेड, दोन्ही. ट्रंक उघडायला किल्ली लागेल, आणि गंजलेलं कुलूप सैल करायला खोबरेल. किल्ली आडात पडली आहे, म्हणजे दोर आणि पोहरा. उजेडाला कंदील आणि रॉकेल. रॉकेल शेजारच्या आजींकडे आहे, पण त्यांचा चष्मा हरवलाय, तो शोधून दिल्याशिवाय त्या कपाट उघडणार नाहीत. खोबरेलही त्याच कपाटात.

प्रत्येक गोष्ट एका चौकटीत लिहा आणि जिच्याशिवाय जी होत नाही तिच्याकडून बाण काढा. तयार होतो तो दिशा असलेला आणि चक्र नसलेला ग्राफ. एमएस्सीला ज्यांनी अल्गोरिदम शिकलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, कामांचा क्रम लावायला आपण हेच वापरतो. चक्र सापडलं, म्हणजे चष्म्यासाठी कंदील आणि कंदिलासाठी चष्मा असं झालं, तर खेळ सुटूच शकत नाही. हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. चित्रं काढून झाल्यावर दिसलं तर महिने गेले.

चित्राचा आकारही बोलतो. तो सुतळीसारखा सरळ आणि बारीक असेल तर एका कोड्यात अडकलेल्या खेळाडूला दुसरं काही करायला नसतं. तो खेळ बंद करतो. फारच पसरट असेल तर कुठून धरावं कळत नाही. गिल्बर्ट यांचं म्हणणं, आकार फुगावा आणि पुन्हा आवळावा. 'मंकी आयलंड' च्या पहिल्या भागातल्या तीन परीक्षा हे त्याचं ठळक उदाहरण आहे: तलवारबाजी, चोरी आणि खजिना, कोणत्याही क्रमाने करा, तिन्ही झाल्या की गोष्ट पुन्हा एका बिंदूवर येते.

आता वाड्यातला बंद बोळ शोधा. एखाद्या हुशार खेळाडूने विचार केला, गंजलेल्या कुलपावर रॉकेल ओतू. घरोघरी करतात तसं. कुलूप सुटलं! पण बाटली रिकामी, कंदील कोरडा, माळ्यावर अंधार, खत वाचता येत नाही. चूक खेळाडूची नाही, त्याने डोकंच वापरलं. चूक तक्त्यात आहे: संपणाऱ्या एका वस्तूला दोन गिऱ्हाइकं. माझ्या कामात मी ग्राफवर हीच खूण शोधते. उपाय तीन आहेत. बाटली कधी संपतच नाही असं ठरवा, फुकट आहे पण कोणाला खटकेल. आजींकडे पुन्हा मागायची सोय ठेवा, म्हणजे आणखी एक संवाद लिहा. किंवा नायिकाच म्हणू दे, 'नको, कंदिलाला लागेल'. मात्र तिने कंदील आधी पाहिलेला असेल तरच, नाहीतर ती ज्योतिषी ठरेल. मला दुसरा उपाय आवडतो. आजी ओरडत ओरडत रॉकेल देतात, एवढं एक विनोदी वाक्य त्यातून मिळतं.

'आणखी एक संवाद लिहा' या चार शब्दांमागे किती काम असतं हे मोजल्याशिवाय स्वतंत्र निर्मात्यांचा इतिहास कळणार नाही. समजा खेळात क्लिक करण्याजोग्या ४० जागा, २० वस्तू आणि ९ क्रियापदं आहेत. प्रत्येक क्रियापद प्रत्येक जागी: ३६० शक्यता. प्रत्येक वस्तू प्रत्येक जागी: ८००. वस्तूंच्या आपसातल्या जोड्या: १९०. एकूण १,३५०, आणि त्यातल्या पन्नासेकच खऱ्या कामाच्या. बाकी ठिकाणी काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. सगळीकडे 'हे चालणार नाही' असं ठेवलं तर जग मेल्यासारखं वाटतं. कंपनीकडे लेखक आणि तपासणारे असतात. एकटा माणूस काय करेल? क्रियापदं दोनवर आणेल: बघ आणि वापर. झोळी आठ वस्तूंची करेल. ८० अधिक ३२० अधिक २८, म्हणजे ४२८. एका माणसाच्या आवाक्यातलं काम.

स्वतंत्र निर्माते नेमके याच दिशेने गेले. १९९७ मध्ये ख्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रामरने घरच्या घरी असे खेळ बनवण्याचं एक साधन काढलं, पुढे त्याचं नाव अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ झालं. ते फुकट होतं. त्यात बेन क्रोशॉ यांनी २००३ मध्ये '५ डेज अ स्ट्रेंजर' केला आणि फुकट वाटला. त्याच वर्षी प्रागमधल्या कला अकादमीत याकुब द्वोर्स्की या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून 'सामोरोस्त' केला; त्याच्याच अमानिता डिझाइनने २००९ मध्ये 'माशिनारियम' आणला. त्यात एकही संवाद नाही. यंत्रमानव नायकाचा हात पोचेल तिथलंच काही वापरता येतं. चित्रभर माउस फिरवत ठिपका शोधायचा कंटाळवाणा प्रकार त्या एका नियमाने जवळजवळ संपला.

न्यूयॉर्कमधले डेव्ह गिल्बर्ट (रॉन यांचे नातेवाईक नव्हेत) यांनी २००६ मध्ये अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओच्या महिन्याभराच्या स्पर्धेसाठी 'द शिवा' केला. नायक एक थकलेला ज्यू धर्मगुरू, आणि लढाई कशाची, तर प्रश्नाला प्रतिप्रश्नाने उत्तर देण्याची! पुढे त्यांच्या वॅजेट आय गेम्सच्या 'ब्लॅकवेल लेगसी' मध्ये झोळीतल्या वस्तूंपेक्षा वहीतल्या नोंदी महत्त्वाच्या झाल्या. दोन नोंदी जोडल्या की नवा प्रश्न सुचतो. वस्तूचं चित्र काढावं लागतं, विचाराचं नाही. पैशाच्या टंचाईतून रचनेची नवी कल्पना निघाली, असं मी म्हणते ते यासाठी. 'जेमिनाय रू' हा २०११ चा खेळ तर जोशुआ न्यूर्नबर्गर यांनी विद्यापीठात शिकत असताना केला.

आता पुन्हा पहिल्या वाक्याकडे. मेले म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहेच. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिएराचं ओकहर्स्टमधलं मूळ कार्यालय बंद झालं. लुकासआर्ट्सने २००३ मध्ये 'फुल थ्रॉटल' चा आणि २००४ मध्ये 'सॅम अँड मॅक्स' चा नवा भाग अर्ध्यात रद्द केला. पण हा पुरावा कशाचा? दोन अमेरिकन कंपन्यांचा. २००२ मध्ये बनवा सोकाल यांचा 'सिबेरिया' आला. २००७ मध्ये हॅम्बर्गला डेडॅलिक कंपनी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं असे खेळ काढत राहिली.

आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे: १९९८ मध्ये, म्हणजे ज्या सुमारास हा प्रकार मेला म्हणतात तेव्हाच, अमेरिकेतल्या हर इंटरॅक्टिव्ह कंपनीने किशोरवयीन मुलींसाठी नॅन्सी ड्रू या गुप्तहेर मुलीचे खेळ सुरू केले. २०१५ पर्यंत ३२ खेळ. बत्तीस! माउस, कोडी, झोळी, सगळं तेच. तरी मृत्यूच्या कथेत त्यांचं नाव सहसा येत नाही, कारण ती कथा लिहिणारी मासिकं आणि संकेतस्थळं ते खेळ गंभीरपणे घेतच नव्हती. म्हणून 'कोण मेलं' आधी 'कोणाची नोंद ठेवली गेली' असं विचारावं लागतं. हा प्रश्न मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात घेतलाय आणि त्यावर चर्चासत्रात अजूनही वाद होतात.

२०१२ मध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइनने लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून अधिक जमले. याला पुनर्जन्म म्हणतात. पैसे देणारे ८७ हजार लोक एका रात्रीत जन्मले नव्हते, ते होतेच. २०१४ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि विनिक यांनी 'थिंबलवीड पार्क' साठी ३ लाख ७५ हजार मागितले, ६ लाख २६ हजार मिळाले. खेळ २०१७ च्या मार्चमध्ये आला. नऊ क्रियापदं पुन्हा पडद्याखाली, आणि काम कसं चाललंय त्याच्या नोंदी ब्लॉगवर सगळ्यांसमोर. १९८९ मध्ये एका छोट्या नियतकालिकात अडकलेलं ज्ञान आता कोणीही फुकट वाचू शकत होतं. गंमत म्हणजे एवढे तक्ते काढूनही लोक अडकलेच. मग काही महिन्यांनी खेळातच एक फोन नंबर घातला गेला. कुठल्याही टेलिफोनवरून लावा, पलीकडून थोडाथोडा इशारा मिळतो.

ज्यांना हे हाताने करून बघायचंय त्यांच्यासाठी: अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओचा मूळ कोड २०१०-११ मध्ये खुला झाला आणि २०२१ पासून स्कमव्हीएम या फुकट प्रणालीवर त्यातले बरेच जुने खेळ चालतात. '५ डेज अ स्ट्रेंजर' उतरवून घ्या, दोन-तीन संध्याकाळी लागतील. खेळताना शेजारी कागद ठेवा आणि सुटलेलं प्रत्येक कोडं चौकटीत लिहीत जा. शेवट आला की बाण काढायला शेवटच्या चौकटीपासून सुरुवात करा. कुठे दोर आधी सापडला आणि दरी नंतर दिसली, तिथे लाल पेनाने खूण करा.

पुढच्या लेखात असे तक्ते संगणकाकडून तपासून घ्यायची पद्धत, आणि ती कुठे फसते ते.